सहावी पट्टी

ताई : ‘ऋषितुल्य’ काढलंत तर ‘कर्मयोगी’ बसेल. दोन्ही नाही बसणार.

सर : अहो, पण दोन्हींचा अर्थ वेगळा आहे.

ताई : असेल. ट्रॉफी आठ इंचांची आहे.

धाकटा : ताई, अक्षर जरा बारीक करून बघ ना. सर, तुम्ही काळजी करू नका, बसवतो आपण.

ताई : केलं बारीक. ये, बघ. मुंग्यांची रांग चाललीय. वाचणाऱ्याला सोबत भिंग द्यावं लागेल.

सर : मालक, या बाईंना जरा समजावून सांगा. मजकूर मी विचारपूर्वक लिहिलेला आहे.

धाकटा : सर, मालक मी नाही. लेझर मशीन ताईचं, दुकान ताईचं. मी तिचा धाकटा भाऊ. ऑर्डरी आणतो, बॉक्स भरतो आणि तिची बोलणी खातो.

सर : अस्सं. असो. तर बाई, एकेक शब्द तोलून घेतलेला आहे. असा मध्येच कसा काढणार?

ताई : वाचते, ऐका. ‘ऋषितुल्य, कर्मयोगी, निःस्वार्थी, निःपक्षपाती, विद्यार्थ्यांचे दैवत, क्रीडाक्षेत्रातील दीपस्तंभ.’ मग तुमचं नाव. मग ‘सेवानिवृत्तीनिमित्त आजी-माजी विद्यार्थ्यांकडून कृतज्ञतापूर्वक.’ मध्ये श्वास कुठे घ्यायचा?

सर : छान उतरलंय की.

ताई : विद्यार्थी आलेत का कुणी बरोबर?

सर : म्हणजे?

ताई : त्यांच्याकडून आहे ना ट्रॉफी? कागदावर अक्षर तुमचं, ऑर्डर तुमची, म्हणून विचारलं.

सर : मुलांना कुठे वेळ असतो हो! भावना त्यांच्याच आहेत. धावपळ तेवढी मी करतोय.

धाकटा : बरोबर आहे सर. सगळे असंच करतात.

ताई : सगळे करतात हे मात्र खरं. गेल्या महिन्यात एकजण स्वतःसाठी ‘सर्वोत्कृष्ट शेजारी’ करून घेऊन गेला. आणि एका कचेरीनं ‘वक्तशीर कर्मचारी’ करायला दिली होती. तो कर्मचारी ती न्यायला चार दिवस उशिरा आला.

धाकटा : ताई!

ताई : काय ताई? आला की नाही?

धाकटा : आला. पण सरांची गोष्ट वेगळी आहे. सरांनी शाळेत बत्तीस वर्षं खेळ शिकवलेत.

सर : बत्तीस वर्षं. मैदानावर एकही खाडा नाही. उद्या संध्याकाळी निरोप समारंभ. सगळी शाळा जमणार.

ताई : मग काय काढू? सहांतले तीन ठेवा.

सर : ‘निःपक्षपाती’ राहिलाच पाहिजे. तो माझा प्राण आहे. बत्तीस वर्षं खेळाडू निवडले, कुणाचं तोंड बघून एकही निवड केली नाही. तुम्हाला कल्पना नसेल, पण शाळेत काय काय दबाव येतात.

ताई : नसेल.

सर : पालक येतात, पुढारी येतात. मी सगळ्यांना एकच सांगायचो, मैदान खोटं बोलत नाही.

ताई : मग वरच्या ओळीत ‘कर्मयोगी’. दुसरीत एकटं ‘निःपक्षपाती’. तिसरीत ‘विद्यार्थ्यांचे दैवत’. खाली तुमचं नाव ठसठशीत. लावू?

सर : ‘ऋषितुल्य’ गेलंच म्हणता?

ताई : गेलं. हा बघा नमुना, आधी पुठ्ठ्यावर काढलाय. एकदा डोळ्यांखालून घाला. मग तक्रार नको.

सर : हं. ठीक. घ्या करून.

धाकटा : सर, या आकाराचा हा ॲक्रिलिकचा शेवटचा तुकडा होता, खास तुमच्यासाठी बाजूला ठेवला होता. आता माल थेट पुढच्या आठवड्यात.

ताई : झाकण लावलंय. आत बघायचं असेल तर या काचेतून बघा. वीसेक मिनिटं लागतील.

सर : म्हणजे सगळं यंत्रच करतं तर! तुम्ही आपलं बटण तेवढं दाबायचं.

ताई : हो. तेवढंच.

सर : बरं आहे. फारसं शिकलेलं नसलं तरी पोट भरतं माणसाचं. अहो! अहो, थांबवा! हे उलटं येतंय!

ताई : उलटंच यायला हवं.

सर : अक्षरं आरशातल्यासारखी दिसतायत! घोटाळा केलात!

धाकटा : नाही, नाही सर. ट्रॉफी पारदर्शक आहे ना, म्हणून मागच्या बाजूनं कोरायची. पुढून वाचली की सरळ दिसते.

ताई : पुढून सगळं छान दिसतं. काम मागून झालेलं असतं.

सर : बरं, बरं. यंत्राचं आपल्याला काय कळणार! तोवर दुसरं काम बघून घ्या. ती चादर सोडा. सांभाळून हं, जड आहे.

धाकटा : अरे बापरे, केवढी ही! ताई, ताई इकडे बघ. हीच का गं ती ढाल?

ताई : धूळ झटक आधी. मशीनवर जाईल.

सर : आमच्या शाळेची फिरती ढाल. वर्षातल्या सर्वोत्तम धावपटू मुलीचं नाव हिच्यावर चढतं. मी शाळेत आलो त्या वर्षी सुरू केली. बत्तीस वर्षं, बत्तीस पट्ट्या. पण पितळ काळं पडलंय, आणि शिपाई दरवर्षी घासतो त्यामुळे नावं पुसट झालीयत. म्हटलं, जाता जाता सगळ्या पट्ट्या नव्या कोऱ्या करून शाळेला भेट द्यावी. सोनेरी.

ताई : ते सोनेरी म्हणजे प्लास्टिक असतं. वरचा सोनेरी थर लेझरनं जळतो, खालचं काळं दिसतं.

सर : लांबून सोनेरी दिसतं ना? झालं तर.

धाकटा : यादी आणलीय ना सर? तुम्ही ताईला नावं सांगा, तोवर मी जुन्या पट्ट्या उचकटतो. सगळ्या काढून लाकूड घासून घेऊ, मग एका ओळीत बसवू.

सर : तुम्ही मघाशी काय म्हणालात? ‘हीच का ती ढाल’? तुम्हाला कशी माहीत?

धाकटा : मी नाही हो, मी दुसऱ्या शाळेतला. ताई तुमच्या शाळेची.

सर : असं! अगं मग सांगायचं नाही का? कुठल्या सालची तू? माझ्या लक्षात एकूण एक चेहरा असतो.

ताई : मग सांगा.

सर : थांब हं. आता अंग भरलंय म्हणून... तू लेझीम पथकात होतीस.

ताई : नाही.

सर : वक्तृत्वात? नाटकात?

ताई : नाही.

सर : मग फारशी पुढे आलेली नसशील.

ताई : नाही. फारशी पुढे नाही आले.

धाकटा : सर, तुम्हाला आमच्या घरचा विनोद सांगतो. या ढालीचाच आहे.

ताई : पट्ट्या काढ तू.

धाकटा : हात चालू आहेत की. सर, ही नववीत होती. एक दिवस नाचत घरी आली. म्हणे, यंदाची ढाल मला मिळणार, सरांनी स्वतः सांगितलं. आईनं गणवेश धुऊन दोनदा इस्त्री केला. बाबांनी कधी नव्हे ते कामावरून रजा टाकली. शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगून झालं. आम्ही सगळे पहिल्या रांगेच्या मागे जाऊन बसलो. आणि स्टेजवरून नाव पुकारलं दुसऱ्याच मुलीचं!

सर : अरेरे.

धाकटा : ही अर्धी उठून उभी राहिली होती! बाबा लाजेनं अर्धमेले. घरी आल्यावर एवढंच म्हणाले, खोटं बोलायचं तर झेपेल एवढं बोलावं. तेव्हापासून आमच्याकडे कुणी थाप मारली की ‘थापा मारू नकोस’ असं म्हणतच नाहीत. ‘ढाल मिळाली का?’ म्हणतात. माझी पोरंसुद्धा म्हणतात.

सर : हा हा हा! छान आहे. असतात अशा मुली. त्या वयात कल्पनेत रमायची सवय असते. दोष नाही तुझा.

ताई : नाव सांगा.

सर : काय?

ताई : यादीतलं. पहिल्या पट्टीचं.

सर : हां. हा घे कागद, सालासकट लिहिलंय सगळं. वेलांटी, उकार नीट बघ. आमच्या शाळेची म्हणून सांगतो, नाहीतर दुकानदार लोक काहीही लिहितात.

ताई : पाच झाली. सहावी, या बाई. या आता शाळेच्या अध्यक्ष आहेत ना?

सर : हो! वडलांनंतर त्याच बघतात सगळं. उद्याच्या प्रमुख पाहुण्याही त्याच. त्यांचं नाव जरा उठून दिसेल असं कर.

धाकटा : ताई, हिला काय झालंय? ही सहावी निघेना. बाकीच्या चटाचट सुटल्या. हिला खिळे आहेतच, वर गोंदही थापलाय कुणीतरी.

ताई : बारीक पेचकस घे.

धाकटा : शिवाय जाड लागतेय. बघ ना, बाकीच्यांपेक्षा वर आलीय.

सर : ती राहू द्या.

ताई : राहू द्या म्हणजे?

सर : जुनी तशीच असू द्या. नवी तिच्यावरूनच चिकटवा. काय फरक पडतो? उगाच लाकूड फुटायचं.

ताई : एकतीस निघाल्या, लाकूड नाही फुटलं. हीच बरी फोडेल! ओळीत उंच दिसेल ती.

सर : दिसू दे. मी सांगतोय ना! गिऱ्हाईक मी आहे.

धाकटा : निघाली, निघाली सर! काही फुटलं नाही. अरे, खाली आणखी एक आहे. एकावर एक ठोकल्यात.

ताई : वाच.

धाकटा : खालची बघ कशी आहे. बाकीच्या घासून घासून सपाट झाल्या, हिची अक्षरं करकरीत. झाकलेली होती ना...

ताई : वाच म्हटलं ना. साल वाच आधी.

धाकटा : साल तेच आहे. वरच्या पट्टीवरचंच. आणि नाव...

ताई : हं?

धाकटा : ताई.

ताई : मोठ्यानं वाच, सरांना ऐकू जाईल असं. त्यांच्या लक्षात एकूण एक चेहरा असतो.

धाकटा : तुझं नाव आहे. मध्ये बाबांचं नाव. मग आपलं आडनाव.

(यंत्र चालू असतं आणि धूर ओढणारा पंखा घरघरत असतो.)

सर : तेव्हाचा कोरणारा फार वेंधळा होता. सरावासाठी काहीबाही कोरायचा.

ताई : सरावासाठी वडलांच्या नावासकट? आणि सराव केलेली पट्टी ढालीवर ठोकून पाठवायचा?

सर : इतक्या वर्षांपूर्वीचं मला काय आठवणार?

ताई : मघाशी तर सगळं आठवत होतं.

धाकटा : सर, हिचं नाव होतं? खरंच होतं?

सर : हे बघा, तुम्ही यात पडू नका.

धाकटा : पडू नका कसं? सव्वीस वर्षं आम्ही हिला...

ताई : तू गप्प बस. सर, मी विचारते तेवढंच सांगा. आठशे मीटरला पहिली कोण आली होती?

सर : तू आलीस. म्हणजे तुम्ही.

ताई : पंधराशेला?

सर : आता कशाला ते उकरून काढायचं?

ताई : पंधराशेला?

सर : तुम्हीच.

ताई : आणि अध्यक्षबाई?

सर : त्या... तिसऱ्या.

ताई : किती धावत होत्या?

सर : आठशेला चारच जणी होत्या.

ताई : म्हणजे शेवटून दुसऱ्या. बरं. मला मैदानावर बोलावून कोण म्हणालं होतं, ‘आईवडलांना घेऊन ये, ढाल तुझी आहे’?

सर : मीच म्हणालो होतो. खोटं नव्हतं ते. त्या दिवशी खरंच तुमचीच होती. पट्टी कोरून, ठोकून, ढाल आदल्या संध्याकाळी दुकानातून आलीसुद्धा होती. रात्री त्यांच्या वडलांचा निरोप आला. मैदानाला भिंत घालून देतो, मुलींना कपडे बदलायला खोली बांधून देतो, पण उद्या पोरीच्या हातात काहीतरी दिसलं पाहिजे.

ताई : काहीतरी.

सर : तुम्हीच सांगा, मुली तेव्हा कपडे बदलायच्या कुठे? जिन्याखाली! दोघींनी चादर धरायची आणि तिसरीनं बदलायचे. आठवतंय ना? एका पट्टीच्या बदल्यात मी खोली मिळवली. शेकडो मुलींनी वापरली ती खोली. मी काय स्वतःच्या घरी नेली?

ताई : खोली चांगली होती. कडीसुद्धा होती आतून.

सर : मग!

ताई : मग मला का नाही सांगितलंत?

सर : सकाळी आठ वाजता दुकान उघडायला लावून दुसरी पट्टी करून घेतली. खालची उचकटायला वेळ नव्हता, वरूनच बसवली. पाहुणे दारात. अशा गडबडीत कुणाकुणाला सांगत बसणार?

ताई : माझी आई पहिल्या रांगेच्या मागे बसली होती. तुम्ही तिच्या समोरून चार वेळा गेलात.

सर : मला वाटलं, मुलगी आहे. दोन दिवस रडेल, विसरून जाईल.

ताई : रडले नाही मी. मीच चुकीचं ऐकलं असेल असं वाटलं मला. दोनतीन महिने तेच वाटत होतं.

सर : आणि पुढच्या वर्षी द्यायचं माझ्या मनात होतं. अगदी ठरवलं होतं. पण तुम्हीच मैदानावर यायचं सोडलंत.

ताई : म्हणजे चूक माझीच.

सर : तसं नाही म्हणत मी.

धाकटा : सर, तुम्हाला माहीतय का घरी काय झालं? लग्नानंतर ही एकदा घरी आली होती. दंड दाखवला, म्हणाली, मारतात मला. बाबा काय म्हणाले माहीतय? ‘ढाल मिळाली का?’ म्हणाले. आणि परत पाठवली.

ताई : पुरे.

धाकटा : दोन वर्षं, सर! दोन वर्षं राहिली ही तिथे. शेवटी हात मोडला तेव्हा दवाखान्यातून फोन आला, तेव्हा विश्वास बसला. आणि मी... मी तिथेच बसलो होतो ना. हसलो होतो मी.

ताई : पुरे म्हटलं ना. गिऱ्हाइकासमोर घरचं काढू नये, एवढं तरी शिक.

सर : हे मला कसं माहीत असणार? त्याचा दोष तुम्ही माझ्यावर घालू शकत नाही.

ताई : घालतच नाहीये. मारणारा वेगळा होता, परत पाठवणारा वेगळा होता. तुम्ही फक्त पट्टी चिकटवलीत. तेवढी तुमची.

सर : बरं, काय हवंय तुम्हाला? उद्या त्याच बाई प्रमुख पाहुण्या आहेत. त्यांच्यासमोर या ढालीवर दुसरं नाव... तुम्ही समजून घ्या. माझा समारंभ आहे हो.

ताई : मी काही मागितलं?

सर : ती खालची पट्टी द्या माझ्याकडे. मी बघतो काय करायचं ते.

धाकटा : हात लावू नका तिला.

सर : अहो मालक...

धाकटा : मालक ती आहे, सांगितलं ना मघाशी! ताई, ही ऑर्डर परत कर. मी सांगतो यांना, घेऊन जा ती ढाल, करा कुठे करायची ते.

ताई : तू? गिऱ्हाइकाला परत पाठवणार?

धाकटा : पाठवतो.

ताई : नको. एकतीस वर्षं वेगवेगळ्या मुलींनी पळून मिळवलेली नावं आहेत तिच्यावर. त्यांच्या पट्ट्या मी करणार. नीट करणार. सर, सहाव्या पट्टीवर काय कोरू? तुम्ही बोला, मी कोरते. यंत्र काही विचारत नाही.

सर : कागदावर आहे तेच.

ताई : तोंडानं सांगा.

सर : अध्यक्षबाईंचं.

ताई : ठीक. झालं.

सर : बाई, ते मशीन... ते कुठपर्यंत आलंय?

ताई : काचेतून बघा की.

सर : उलटं आहे, मला वाचता येत नाही.

ताई : ‘कर्मयोगी’ झालं. दुसरी ओळ चाललीय.

सर : म्हणजे ‘निःपक्षपाती’?

ताई : हो. लेझर आडवं फिरत खाली येतं. अक्षरांचा वरचा अर्धा भाग आलाय, खालचा यायचाय.

सर : तो शब्द जरा... म्हणजे तसा लांबलचकच आहे. नसला तरी चालेल. थांबवता येईल?

ताई : ते लाल बटण आहे ना, ते दाबायचं.

सर : मग पुढे काय होईल?

ताई : अर्धा शब्द राहील. कोरलेलं खोडता येत नाही.

सर : आणि खालचं?

ताई : खालचं येणार नाही. तुमचं नाव खाली आहे.

सर : दुसरा तुकडा घ्या मग. कुठूनही आणा.

ताई : शेवटचा होता. तुमच्यासाठी खास बाजूला ठेवलेला. दाबा ना सर. बटण तेवढं दाबायचं असतं, तुम्हीच म्हणालात. माझ्याएवढी न शिकलेली बाईसुद्धा दाबू शकते.

सर : तुम्ही दाबा.

ताई : मी का दाबू? माझं काय चुकलंय त्याच्यात?

सर : उद्या स्टेजवर मोकळ्या हातानं उभा राहू का मी?

ताई : मी राहिले होते. स्टेजच्या खाली. होतं सहन.

धाकटा : शब्दाचा खालचा भाग पण आला बघ, ताई. तिसरी ओळ सुरू झाली.

ताई : झालं मग. आता बटण दाबून उपयोग नाही. हात काढा सर, तापतं ते झाकण.

सर : मी दाबणारच होतो.

ताई : हो. आणि पुढच्या वर्षी ढाल देणारच होतात.

धाकटा : बॉक्स कुठला घेऊ?

ताई : आत मखमल असलेला. चांगला घे. सरांचं बत्तीस वर्षांचं काम आहे.

सर : तुम्ही फार कडू बोलता.

ताई : गोड बोलायला हा आहे ना. पण आज त्याचीही जीभ वळत नाहीये. झाली तुमची ट्रॉफी. पुढून सरळ वाचता येईल. पुढच्या बाजूला कागद चिकटलेला आहे, ओरखडे पडू नयेत म्हणून. समारंभाआधी सोलून काढा.

सर : आणि नाही सोलला तर?

ताई : तर काही दिसणार नाही. तुमची मर्जी. वरून झाकायची सवय आहेच तुम्हाला.

सर : ढाल?

ताई : सकाळी शिपाई पाठवा. अकराला तयार असेल. एका ओळीत, एकही पट्टी उंच नाही.

सर : ती खालची पट्टी मात्र... कुणाला दाखवणार नाही ना तुम्ही? म्हणजे अध्यक्षबाईंना वगैरे? त्यांना यातलं काही माहीत नाही हो. त्यांना अजून वाटतं की...

ताई : की त्या पहिल्या आल्या होत्या?

सर : त्या भाषणातही सांगतात तसं.

ताई : सांगू देत. त्यांना तरी घरी खरं मानत असतील. पायरी आहे, बघून उतरा.

धाकटा : गेले.

ताई : चादर विसरले. दे ढालीखाली घालून.

धाकटा : ताई.

ताई : काय?

धाकटा : सहावी पट्टी मी कोरतो. तुझं नाव टाकतो. सकाळी शिपाई घेऊन जाईल, त्याला काय कळतंय? उद्या सगळ्यांसमोर कळू दे.

ताई : आणि मग काय होईल? अध्यक्षबाईंचं तोंड उतरेल. सर म्हणतील, दुकानदारानं चूक केली. दुकानदार म्हणजे कोण? मी. परत खोटी मीच.

धाकटा : मग असंच सोडायचं?

ताई : मला ती ढाल नको आहे. मी रोज दहा ट्रॉफ्या जाळून काढते. त्यांची लायकी मला माहीत आहे.

धाकटा : मग तुला काय हवंय? काहीतरी सांग ना. मी इतकी वर्षं... कशावरूनही म्हणायचो गं. भाजीत मीठ आहे म्हणालीस तरी म्हणायचो.

ताई : म्हणायचास. परवासुद्धा म्हणालास. त्या शंभर चौकटींची ऑर्डर मी एका दिवसात संपवली म्हटलं तेव्हा.

धाकटा : आणि तू संपवलेली असायचीस.

ताई : रडू नकोस. पट्टीवर पाणी पडेल. पितळ आहे ते, डाग पडतो.

धाकटा : हिचं काय करू? पॉलिश करू?

ताई : काही नको. कागदात गुंडाळ आणि खिशात ठेव. घरी गेलास की बाबांचा चष्मा शोध, उशाशी असतो. नुसतं नाव वाचून दाखवू नकोस, हातात दे. मधलं नाव त्यांचंच आहे म्हणावं. सव्वीस वर्षं तेही तिथे होतं.

धाकटा : तू चल ना बरोबर. तू स्वतः सांग त्यांना.

ताई : मी एकदा सांगितलंय.